आधी कारण, मग पैसा : केसगळतीच्या महागड्या उपचारांबाबत आंबागड परिसरातील ग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, भंडारा
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, भंडारा
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, भंडारा
मा. सहायक आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, भंडारा

विषय : केसगळतीवरील उपचारांच्या विक्रीवर देखरेख ठेवणे आणि सरकारी दवाखान्यात तपासणीची सोय करणे.

महोदय,

आम्ही आंबागड आणि भोवतालच्या गावांतील ग्राहकांची संघटना आहोत. आमच्यात धानाचे शेतकरी आहेत, बचत गटांच्या महिला आहेत, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत कामाला जाणारी तरुण मुले आहेत आणि कटिंगची दुकाने चालवणारे नाभिक बांधवही आहेत. केसांच्या उपचारापायी आमच्या घरांतून गेली काही वर्षे जो पैसा बाहेर जातो आहे, त्याचा विचार करून हे मागणीपत्र आपल्यापुढे ठेवत आहोत.

केस गळणे म्हणजे नटण्यामुरडण्याचा प्रश्न, सरकारने त्यात काय लक्ष घालायचे, असे म्हणून हा कागद बाजूला ठेवू नये ही पहिली विनंती. पंचविशीतल्या मुलाचे कपाळ मागे सरकू लागले की स्थळे परत जातात. बाळंतपणानंतर कंगव्यात केसांचा पुंजका आला की बाई घाबरते, आणि घरात कोणाला सांगायची तिला लाज वाटते. टायफॉईडमधून उठलेल्या मुलीची वेणी अर्धी झाली की ती शाळेत जायला तयार नसते. हे दुःख खरे आहे. ते खरे आहे म्हणूनच त्याच्यावर बाजार उभा राहिला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की केस का गळतात हे आधी कळले पाहिजे आणि पैसा त्यानंतर खर्च झाला पाहिजे. आज नेमके उलटे चालते.

हे कसे चालते ते सभासदांनी बैठकीत सांगितले. मोबाइलवर जाहिरात येते, त्यात मोफत तपासणीचा नंबर असतो. शहरातल्या चकचकीत क्लिनिकमध्ये गेल्यावर आधी डॉक्टर भेटत नाही, भेटते ती समुपदेशक म्हणवणारी व्यक्ती. ती टाळूवर छोटा कॅमेरा टेकवते आणि समोरच्या पडद्यावर पन्नास पट मोठी झालेली टाळू दाखवते. इतकी मोठी केलेली कोणाचीही टाळू ओसाडच दिसते. माणूस तिथेच खचतो. मग सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पॅकेज पुढे येते, आजच भरले तर सूट, पैसे नसतील तर हप्ते. रक्ताची तपासणी झालेली नसते. मागच्या तीन महिन्यांत ताप आला होता का, बाळंतपण झाले का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कोणी विचारलेले नसते.

पॅकेज पन्नास हजारांचे धरू. खरीप २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे एका डोक्यासाठी एकवीस क्विंटल धान गेले. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये मजुरीने मोजले, तर एकशे साठ दिवसांची मजुरी. एवढा पैसा देणाऱ्याला आपल्याला काय झाले आहे हे तरी कळायला हवे की नको?

या बाबतीत आपल्याच राज्यातले उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. आधी डोके खाजायचे, मग केस मुठीने निघायचे आणि टक्कल पडायचे. अडीचशेहून जास्त लोकांना हा त्रास झाला, त्यात शाळकरी मुले होती, बाया होत्या. कोणी शाम्पूवर संशय घेतला, कोणी बुरशीवर, कोणी खारपाण पट्ट्यातल्या पाण्यावर. गावांची चेष्टा झाली, मुलामुलींच्या लग्नांच्या बोलण्यांत अडचणी आल्या. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने गेले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः फिरून अभ्यास केला आणि रेशनवर आलेल्या परराज्यातील गव्हातील सेलेनियमच्या अतिप्रमाणाकडे बोट दाखवले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेले आणि जस्त कमी झालेले आढळल्याचे त्यांनी सांगितले. बऱ्याच जणांचे केस पुढे उगवू लागले. काहींची नखेही गळाली.

त्या दिवसांत बोंडगावच्या एखाद्या माणसाने हजारो रुपयांचे सीरम घेतले असते, तर केस परत आल्यावर श्रेय सीरमला मिळाले असते, आणि संशयित धान्य घरात तसेच शिजत राहिले असते. केस गळणे हा पुष्कळदा शरीराने दिलेला निरोप असतो. तो न वाचता त्यावर तेल चोळणे धोक्याचे आहे. आमच्याही घरांत रेशनचा गहू-तांदूळ येतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला दूरची वाटत नाही.

आता उपचार घ्यावा की न घ्यावा, हा मुख्य प्रश्न. याबाबत आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते इथे मांडतो, कारण आमच्या मागण्या त्यावरच उभ्या आहेत.

निरोगी माणसाचेही दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. केसाची वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते, मग तो विसावतो आणि गळतो; त्याच मुळातून नवा येतो. मोठा ताप, डेंग्यू, टायफॉईड, ऑपरेशन, बाळंतपण किंवा अन्न तोडून वजन उतरवणे, यांपैकी काही झाले की एकाच वेळी पुष्कळ केस विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मधल्या काळात मूळ दुखणे माणूस विसरलेला असतो, म्हणून जोडणी लागत नाही. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. पॅकेजचा कालावधीही सहा महिन्यांचाच असतो. निसर्गाने केलेल्या कामाची पावती क्लिनिकच्या नावाने फाटते ती इथे.

दुसरे कारण बायकांच्या रक्तात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त. लोह कमी पडले, थायरॉईडचे काम बिघडले की केस विरळ होतात. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बाईला धाप लागते, चक्कर येते, आणि केसही जातात; तिन्हीचे कारण एकच असू शकते. तिला हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत. त्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. कांद्याच्या तेलाच्या बाटलीने रक्त वाढत नाही.

चाई पडते ती वेगळी. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. लहान मुलांच्या डोक्यात नायटा होतो, त्याला बुरशीवरच्या पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात आणि उशीर झाला तर कायमचा वण राहतो. ओढून बांधलेल्या वेण्यांनीही कपाळावरचे केस जातात. या प्रत्येकाचा इलाज निराळा, आणि बहुतेकांचा स्वस्त.

उरले ते वारशाने येणारे टक्कल. पुरुषांत सर्वांत जास्त हेच दिसते. याच्यावर काहीच लागू पडत नाही असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. मिनॉक्सिडिल नावाचे औषध मुळात रक्तदाबासाठी होते. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तेव्हा त्याचे डोक्याला लावायचे द्रावण झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टराईडच्या एक मिलिग्रॅमच्या गोळीला १९९७ मध्ये मिळाली. ही दोन औषधे बऱ्याच जणांत गळती थोपवतात, काहींत थोडे केस परतही आणतात. मात्र परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी दिसते आणि माणूस घाबरून औषध सोडतो. सोडले की मिळालेले केसही हळूहळू जातात. म्हणजे हा खर्च कायमचा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. फिनास्टराईडने काहींच्या लैंगिक इच्छेवर परिणाम होतो. आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचे युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये मान्य केले. गरोदर बाईने तर त्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. अशी गोळी समुपदेशकाने डब्यात घालून देण्याची वस्तू नव्हे.

आणि महत्त्वाचे हे, की ही औषधे साध्या कंपन्यांच्या नावाने महिन्याला काही शे रुपयांत मिळतात. महागड्या पॅकेजमध्ये जे खरे औषध असते ते बहुधा हेच. बाकीची किंमत डब्याची, पडद्याची आणि जाहिरातीतल्या चेहऱ्याची. बायोटिनच्या गोळ्या तर सर्रास दिल्या जातात. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच आढळते, आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास ते थायरॉईडच्या रक्तचाचणीचा निकाल चुकवू शकते. केस गळण्याचे कारण शोधायला जी चाचणी हवी, तीच बिघडते. स्वतःचे रक्त काढून त्यातला प्लेटलेटयुक्त भाग टाळूत टोचण्याचा उपचार अलीकडे फार चालतो. त्याचा काहींना उपयोग होतो, पण करण्याची पद्धत जागोजागी वेगळी, किती वेळा करायचे ते वेगळे आणि परिणाम टिकवायला पुन्हा पुन्हा टोचावे लागते. एका वेळी दहा वेळांचे पैसे भरून घेण्याइतकी खात्री त्यात नाही.

केशरोपणाबद्दल आमच्या भागात मोठा गैरसमज आहे, की त्यात नवे केस तयार होतात. केशरोपण म्हणजे रोवणी. पऱ्ह्यातली रोपे उपटून बांधीत लावायची. पऱ्ह्यात जेवढी रोपे तेवढीच बांधी भरणार. डोक्याच्या मागच्या भागातले केस काढून पुढे लावतात. मागचा साठा संपला की संपला. विशीतल्या मुलाने कपाळावर सगळे वापरून टाकले आणि पुढे टाळूही उघडी पडली, तर लावायला काही उरत नाही. म्हणून चांगला डॉक्टर विशीतल्या मुलाला थांब म्हणतो. विकणारा लगेच तारीख देतो.

शिवाय ही शस्त्रक्रिया आहे. २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. २०२५ मध्ये कानपुरात एका अभियंत्याच्या मृत्यूनंतर गुन्हा दाखल झाला. रोपण करणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण दंतवैद्यकाचे होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केले होते, की केशरोपण प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करावे आणि यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ‘ट्रायकोलॉजिस्ट’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. आयोगाच्या मान्य पदव्यांत अशी पदवी नाही. हे लोकांना कोण सांगणार? सरकारने सांगावे, एवढेच आमचे म्हणणे.

शहरात क्लिनिक, तर गावात तेल. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, बाजार लागतो. त्या गर्दीत जडीबुटीची तेले विकणारे येतात. अलीकडे कर्नाटकातील हक्की-पिक्की समाजाच्या नावाने ‘आदिवासी तेल’ मोबाइलवर धुमाकूळ घालते आहे. एकशे आठ वनस्पतींचा दावा आणि गुडघ्यापर्यंत केसांचे व्हिडिओ. त्या समाजाच्या कष्टकऱ्यांशी आमचे भांडण नाही, त्यांच्या नावाने कोणीही कुठेही भरलेल्या बाटल्यांशी आहे. मार्च २०२५ मध्ये पंजाबात संगरूर येथे केस उगवण्याचे शिबिर भरले, मंदिराच्या आवारात. डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठाहून अधिक लोकांना डोळ्यांची जळजळ आणि संसर्ग होऊन दवाखाना गाठावा लागला. असे शिबिर आमच्या मंडईत भरले तर परवानगी कोणाची लागते, हे आज ग्रामपंचायतीलाही ठाऊक नाही.

कायदा नाही असे नाही. औषधांविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या परिशिष्टातील चोपन्न रोगांत लठ्ठपणा आहे, उंची आहे, पण टक्कल नाही. तरी खोट्या जाहिरातीविरुद्धचे कलम ४ कोणत्याही औषधाला लागते. १९४५ च्या औषध नियमांतील नियम १०६ आणि परिशिष्ट जे यांनुसार टक्कल बरे करण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा औषधावर करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरणाला दहा लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातीत झळकणाऱ्यावरही बंदी येऊ शकते. केरळात त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने केस वाढवण्याच्या मलमाच्या उत्पादकाला आणि त्याची जाहिरात करणाऱ्या सिनेनटाला प्रत्येकी दहा हजार रुपये भरायला लावले. ग्राहकाने ते मलम २०१२ मध्ये ३७६ रुपयांना घेतले होते. तीनशे शहात्तर रुपयांसाठी तो माणूस इतकी वर्षे लढला, त्याला आमचा नमस्कार. पण न्यायासाठी प्रत्येकाने इतकी वर्षे झिजावे, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

१. तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस त्वचारोगतज्ज्ञाची बाह्यरुग्ण सेवा असावी आणि केसगळतीच्या रुग्णाला त्या दिवशी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईडची तपासणी मिळावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. नमुने गोळा करण्याची व्यवस्थाही आहे. नव्याने इमारत बांधायची नाही, यंत्र आणायचे नाही. डॉक्टर आणि दिवस, एवढेच ठरवायचे आहे. तज्ज्ञ दर आठवड्याला देता येत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून टाळूची छायाचित्रे पाठवून दूरध्वनीवरून सल्ला मिळावा. आमच्या सगळ्या मागण्यांत ही पहिली आहे, आणि बाकीच्या मान्य होऊन ही राहिली तर आम्ही समाधानी नसू. फुकट आणि खरी तपासणी जवळ असली की ‘मोफत तपासणी’च्या जाहिरातीचा जोर आपोआप ओसरतो.

२. बाळंतपणानंतरच्या भेटीत आणि रक्तक्षयाच्या तपासणीत आशाताईंनी केस गळण्याबद्दल विचारावे आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली गळती बहुधा थांबते हे सांगावे. यासाठी आशाताईंच्या प्रशिक्षणात अर्ध्या तासाचा पाठ पुरेल. त्यांच्यावर नव्या नोंदवह्यांचा बोजा मात्र टाकू नये.

३. केसांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी डॉक्टरचे नाव, पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात मराठीत लावलेला असावा. जिल्हास्तरीय बोगस डॉक्टर शोध समितीने आपल्या तपासणीत ही क्लिनिकेही घ्यावीत. आज शोध फक्त गावातल्या सुई टोचणाऱ्यांचा होतो.

४. पैसे घेण्याआधी रुग्णाला एका पानाचा मराठी कागद मिळावा. त्यात केस गळण्याचे निदान, औषधाचे मूळ नाव, परिणाम दिसण्याचा अपेक्षित काळ, औषध सोडल्यावर काय होईल, दुष्परिणाम आणि वर्षाचा पूर्ण खर्च लिहिलेला असावा. तोंडी आश्वासन सगळे देतात. कागदावर लिहायची वेळ आली की सूर बदलतो, हा सभासदांचा अनुभव आहे. ज्याला लिहून द्यायचे नाही, त्याने पैसे मागू नयेत. एका वेळी एकाच भेटीचे पैसे घ्यावेत आणि उपचार मध्येच थांबवल्यास न वापरलेली रक्कम तीस दिवसांत परत मिळावी. पक्के बिल द्यावे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात केशरोपण आरोग्यसेवेच्या करमाफीत बसत नाही, त्यामुळे बिलाला टाळाटाळ म्हणजे सरकारचीही फसवणूक आहे.

५. हप्त्यांवर उपचार विकताना कर्जाचा मुख्य तपशील दाखवणारे पत्रक ग्राहकाला समजेल अशा भाषेत देणे १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते क्लिनिकच्या टेबलावर दिले जाते का, याची अग्रणी बँकेने तपासणी करावी. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. तेच आजही ‘विनाव्याज हप्ता’ म्हणून विकले जाते. खाणीत कंत्राटी काम करणाऱ्या मुलांना तर हेल्मेटमुळे टक्कल पडते असे सांगून हप्ता लावला जातो. हेल्मेटने वारशाचे टक्कल पडत नाही. या भीतीने एखाद्या मुलाने खाणीत किंवा मोटारसायकलवर हेल्मेट काढले, तर जाणारी गोष्ट केसांहून मोठी असेल. खाण व्यवस्थापनांनाही हे आपल्या पातळीवरून कळवावे.

६. मंडई, जत्रा आणि आठवडी बाजारात केस उगवण्याचे तेल किंवा शिबिर यांना अन्न व औषध प्रशासनाच्या ना-हरकतीशिवाय जागा देऊ नये, असे पत्र सर्व ग्रामपंचायतींना जावे. बाटलीवर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि घटक नसतील तर माल जप्त व्हावा. संशयित नमुने प्रयोगशाळेत जावेत आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. नमुना घेतल्याचे आम्ही ऐकतो, पुढे काय झाले ते कधी कळत नाही.

७. रेशनवर येणाऱ्या, विशेषतः परराज्यातून येणाऱ्या गव्हाचे नमुने ठरावीक काळाने तपासले जावेत. एखाद्या गावात एकाच वेळी अनेकांचे केस जाऊ लागले तर कोणाला कळवायचे, तो क्रमांक रेशन दुकानात लिहिलेला असावा. शेगावची गावे जेवढे दिवस गोंधळात राहिली तेवढे दिवस आमच्यावर येऊ नयेत.

८. फसवणूक झालेल्या ग्राहकाला तक्रार लिहून देण्यासाठी तुमसर तहसील कार्यालयात महिन्यातून एकदा मदत मिळावी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे, हे आज आमच्यातल्याही फार थोड्यांना माहीत आहे.

मागणाऱ्याने स्वतः काय करणार हेही सांगावे. आमच्यातल्या कटिंगच्या दुकानदारांना क्लिनिकांकडून कमिशनची विचारणा होते : गिऱ्हाईक पाठवा, प्रत्येकामागे इतके मिळतील. दुकानदारांनी बैठकीत ठरवले आहे, की हे कमिशन घ्यायचे नाही आणि कोणत्याही उपचाराचा फलक दुकानात लावायचा नाही. डोके रोज ज्यांच्या हाताखालून जाते, त्यांनाच चाईचा चट्टा किंवा मुलाच्या डोक्यातला नायटा सर्वांत आधी दिसतो. ते आता गिऱ्हाईकाला सरकारी दवाखान्यात जायला सांगतील. वस्तरे आणि कंगवे निर्जंतुक करण्याचे प्रशिक्षण आरोग्य विभागाने दिले तर ते आनंदाने घेतील. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून संप केला होता. पोटावर पाय येत असतानाही योग्य ते करण्याची त्या व्यवसायाची परंपरा आहे, आणि आमचे दुकानदार ती मानतात.

बचत गटांनीही ठरवले आहे, की केसांच्या उपचारासाठी गटातून कर्ज मागणाऱ्या सभासदाने आधी रक्ततपासणीचा कागद दाखवावा. कर्ज नाकारायचे नाही. आधी तपासणी करून घ्यायला लावायची. तपासणीनंतरही वारशाचे टक्कल निघाले आणि सगळे समजून एखाद्याला केशरोपण करून घ्यायचे असेल, तर तो त्याचा पैसा आणि त्याचा निर्णय. आम्ही त्याला हसणार नाही आणि अडवणारही नाही. कर्करोगाच्या उपचारात केस गेलेल्या बहिणीला विग हवा असेल तर वर्गणी काढू.

यंदाच्या मंडई सुरू होण्याआधी मागणी क्रमांक १ आणि ६ वर लेखी उत्तर मिळावे आणि उर्वरित मागण्यांसाठी आपल्या दालनात संबंधित अधिकाऱ्यांसह आमच्या प्रतिनिधींची बैठक लावावी, ही विनंती. बैठकीला येताना आमच्या सभासदांची बिले, हप्त्यांचे कागद आणि रिकाम्या बाटल्या आम्ही सोबत आणू. त्या तपासून घ्याव्यात.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
आंबागड, ता. तुमसर, जि. भंडारा